चिपची तहान

सेलिना लोपीस गेल्याचं तिच्या भावाने, इनासने, फोनवर कळवलं. गास या तिच्या गावच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. दफनानंतर इनास हात धरून म्हणाला, "वीस वर्षं तुमच्या बाटल्या धुतल्या तिने, सर." त्या दिवसाला आता पाच आठवडे झाले.

सेलिना आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. माझ्या निवृत्तीआधीची काही वर्षं आम्ही पॉलिमरचे अतिसूक्ष्म मणी बनवत होतो. ते बनतात त्या रबरासारख्या पारदर्शक चकतीत, चिपमध्ये, केसाएवढ्या वाटा असतात. एकीतून पाणी येतं, दुसरीतून तेलकट द्रव. दोन्ही भेटतात तिथे द्रवाचे थेंब तुटतात आणि खास दिव्याखाली घट्ट होऊन त्यांचे मणी होतात. मण्यांवर पॅलेडियम हा धातू बसवला की रासायनिक क्रिया वेगाने होते, आणि मणी गाळून पुन्हा वापरता येतात. फक्त ते सारख्या आकाराचे हवेत. आमची नवी चिप पहिल्या दिवशी छान चालायची, दुसऱ्या दिवशी द्रव भिंतीला चिकटून ओघळायचा. मी द्रव ढकलणाऱ्या पंपाला दोष देत राहिलो, आणि चिपा धुऊन, पुसून, जिवापाड कोरड्या ठेवत राहिलो.

सेलिनाच्या घरी मोगऱ्याची वाडी. एकदा ती म्हणाली, "सर, तोडलेला मोगरा असा कोरडा ठेवला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. तुमच्या चिपला तहान लागलीय."

"सेलिना, ही फुलं नाहीत."

"मग करा पंपाची पूजा!"

शनिवारी तिने मला न विचारता एक चिप पाण्यात बुडवून ठेवली. सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली सगळे मणी एकसारखे, निवडलेल्या साबुदाण्यासारखे. तेलकट द्रव चिकटू नये म्हणून चिपच्या भिंतीवर आम्ही केलेली प्रक्रिया कोरडेपणात विरून जात होती, पाण्यात टिकत होती. ही कारणमीमांसा मी नंतर केली. शोध तिचा.

त्यावरच्या शोधलेखात मी लिहिलं, 'आम्हांला आढळले'. छापून आल्यावर तिने विचारलं, "यात मी कुठे, सर?" मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, कर्मचाऱ्यांचे आभार. "बरं," म्हणाली आणि कामाला लागली. बारावी झालेल्या बाईने प्राध्यापकाची चूक काढली, हे मला छापायचं नव्हतं. दुसरं कारण नाही.

लेखकांमध्ये तिचं नाव घालावं, असं पत्र मी आता त्या नियतकालिकाला पाठवलं आहे. मागच्या रविवारी गासला जाऊन इनासला सगळं सांगितलं. तो रागावेल, असं वाटलं होतं. त्याने आत बायकोला हाक मारली, "अगं, बाहेर ये! सर, हिला परत सांगा." मग शेजारची मावशी आली, तिलाही सांगितलं. मावशी म्हणाली, "आमची सेलू? आणि कधी बोलली नाय ती!" सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आणि मला मान वर करवेना.

शेवटी इनासने सेलिनाच्या खोलीचं दार उघडलं. पलंगावर धुतलेली चादर, उशीवर जपमाळ. "सर, इथे पण एकदा सांगा," तो म्हणाला आणि बाहेर थांबला.

तिथे मला एक शब्दही बोलता आला नाही… म्हणून हे लिहिलं.