मंगट्ट्याची बसायची फांदी

बीरा गौडाला एका जागी बसवणं आणि बेडूक तराजूत तोलणं सारखंच, असं त्याची बायको मादेवी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आलीय, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. बीरा सुपारीच्या बागांत घड उतरवणारा. पायात दोराचा फास, कमरेला कोयता, हातात आकडीची लांब काठी. एकदा पोफळीवर चढला की जेवणवेळेपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागत नसे. आकडीनं शेजारची पोफळ ओढायची आणि झोका घेऊन तिच्यावर जायचं, तिथून पुढच्या. खाली बागेचे मालक सुब्राय हेगडे यांची माणसं दोरावरून घरंगळत येणारे घड झेलायची, आणि वर बीरा साऱ्या गावाची उणीदुणी काढत बसायचा. उंचावरून सगळ्यांची परसं दिसतात, त्याला तो तरी काय करणार.

मग गुडघा गेला. वैद्यांनी तेल दिलं, मुलगी शारदीनं सासरहून येऊन शपथ घातली, आणि बीरा खाली उतरला तो उतरलाच. हेगडे माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी त्याला दुसरं काम दिलं. बागेमागच्या टेकडीवर हिरव्या कापडाचा एक आडोसा उभारला होता, तिथं लांबलांबच्या गावांहून पक्ष्यांचे फोटो काढणारे यायचे, त्यांना घेऊन जायचं आणि त्यांच्यासोबत गप्प बसायचं. ज्यानं आयुष्य वाऱ्यावर काढलं त्याला कापडात कोंडलं. खोकायचं नाही, पान चघळायचं तर आवाज न करता. देवाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं.

ती टेकडी बीराच्या हातची होती. आमच्याकडे प्रत्येक बागेला मागचं थोडं रान जोडलेलं असतं. त्यातल्या झाडांचा पाला तोडायचा, गोठ्यात गुरांखाली पसरायचा, त्याचं खत बागेला घालायचं. आजा-पणज्यापासून हेच चालत आलंय. हेगड्यांच्या टेकडीवर बीराचा कोयता लागला नाही असं झाड शोधून सापडलं नसतं. फक्त एका जुन्या बेहड्याला तो हात लावत नसे, कारण त्याच्या ढोलीत दरसाल मंगट्ट्यांची जोडी यायची. पुस्तकात त्यांना महाधनेश म्हणतात. पंख पसरले तर माणसाच्या उंचीला येतील, आणि उडताना असा आवाज की कुणी आभाळात भाताचं सूप पाखडतंय. माघात मादी ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. पिलू मोठं होईपर्यंत आतली ती दोघं नराच्या चोचीवर जगतात. नर आला नाही तर आत उपास.

फोटोवाल्यांची जात बीराला काही केल्या कळली नाही. ही माणसं पक्षी बघायला येतात आणि पक्ष्याच्या मागचंच बघत बसतात. मागं पान हलता कामा नये, पुढं काडी येता कामा नये. एकदा एका गृहस्थानं तासभर तोंड वाकडं करून ठेवलं, कारण खंड्या बसला तो सुंदर, पण मागं हेगड्यांचा वाळत घातलेला पंचा दिसत होता.

चैत्रा शेणॉय मात्र त्याला आवडायची. बंगळुरूची मुलगी, कामाची हुशार, खाण्यापिण्याला नखरे नाहीत. हेगड्यांच्या बायकोनं, भागीरथक्कांनी, वाढलेले तेळ्ळेव, म्हणजे तांदळाचे पातळ घावन, काकवीत बुडवून ती चुलीपाशी बसून खायची. बीराला 'बीरण्णा' म्हणायची आणि रिकाम्या वेळी फोनवर जगभरचे फोटो दाखवायची. बर्फात उडी मारणारा कोल्हा, धुळीच्या लोटात उभे हत्ती, पानाखाली दडलेला नखाएवढा बेडूक. बीरा माना डोलवायचा. आपल्या टेकडीचा फोटो ह्यांच्या पंगतीला बसावा असं त्याला आतून वाटायला लागलं होतं. तिला तर ध्यासच लागला होता.

अडचण एका फांदीची होती. बेहड्याच्या शेजारी किंदळाचं झाड, त्याची एक आडवी फांदी बरोबर ढोलीच्या पुढ्यात आलेली. नर यायचा तो आधी त्या फांदीवर बसायचा, इकडेतिकडे बघायचा, मगच ढोलीकडे झेपावायचा. फोटोत मात्र ढोलीवर फांदी आडवी यायची, आणि नर बसला की पानं त्याचं अर्धं अंग झाकायची. त्या सकाळी चैत्रा कॅमेरा खाली ठेवत म्हणाली, "ही एवढी फांदी नसती ना, बीरण्णा." आणि न्याहारीला गेली. तोड असं तिनं म्हटलं नाही. हे पुढं बीरानंच सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

तिची पाठ वळली आणि बीराचे हात शिवशिवले. दोन वर्षं कोयत्यानं झाड चाखलं नव्हतं. शारदीची शपथ त्यानं गुडघ्यापाशीच ठेवली आणि किंदळावर चढला. चार घाव, फांदी खाली. वर चढल्याचा आनंद इतका होता की त्यानं दुसरा विचारच केला नाही. पाला तोडायचा तर तोडायचा, त्यात विचार कसला. फांदी खांद्यावर टाकून घरी नेली, पाला मादेवीनं गाईखाली पसरला.

दुपारी नर आला. गळा उंबरांनी फुगलेला. नेहमीच्या सवयीनं त्यानं पाय पुढं काढले, पंख आवरायला घेतले, आणि पायाखाली काही नव्हतं. भांबावून त्यानं पंख परत पसरले, हवेतच लटकला, नखं उघडी, चोच वासलेली. एक घिरटी घातली, पुन्हा तसंच. आडोशात कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. मग तो दरीकडे निघून गेला, उंबरं गळ्यातच.

चैत्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं कॅमेरा बीराच्या हातात दिला. लाल डोळा, पिवळी चोच, काळ्यापांढऱ्या पंखांचा पंखा, मागं हिरवं धूसर रान. काडी म्हणून आड नाही. "बीरण्णा, असा फोटो जन्मात एकदा मिळतो," ती म्हणाली. बीरा फुगला. घरी जाऊन त्यानं मादेवीला दोनदा सांगितलं.

संध्याकाळपर्यंत नर परत आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो पलीकडच्या साळढोलाच्या झाडावर बसून राहिला. साद घातली, मान तिरपी करून बघितलं, एकदा झेपावला आणि अर्ध्या वाटेतून वळला. फटीतून मादीची चोच बाहेर यायची, थांबायची, आत जायची. बीरानं ते सगळं बघितलं.

हेगडे म्हणाले, दम धर, होईल सवय त्याला. चैत्रानं कुणा जाणत्याला फोन लावला, आडोसा काढून टाकला, सगळ्या पाहुण्यांना खाली पाठवलं. तिचाही चेहरा उतरला होता. फोटोचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. पण नर साळढोल सोडीना. बीराला अन्न गोड लागेना. टेकडी चढायचा, उतरायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा. पान लावायचा आणि चुना जास्त झाला म्हणून थुंकायचा.

मादेवी शेवटी कावली. "आता तळमळून काय उपयोग? शारदी झाली तेव्हा मी खोलीत, आणि तुम्ही सिद्धापूरकडे कुणाच्या पोफळीवर लोंबकळत होता. तुमची आई पेज घेऊन आली म्हणून जगले मी. त्या बाईला कोण आहे आत?"

बीरा उठला. "ती फांदी कुठाय?"

फांदी न्हाणीच्या चुलीत होती. पाला गेलाच होता, लाकडाचं एक टोक पाण्याच्या हंड्याखाली धुमसत होतं. त्यानं ती ओढून काढली आणि शेणपाण्याच्या बादलीत बुडवली. मादेवी ओरडली की आंघोळीचं पाणी कोण तापवणार, तोवर तो कुंपणापलीकडे होता. माघारी फिरून त्यानं काथ्याचा दोर आणि पायाचा फास तेवढा घेतला.

सकाळचं ऊन टेकडीवर आलं होतं, नर कुठं दिसत नव्हता. बीरा किंदळावर चढला तो या खेपेला आनंदानं नव्हे. गुडघा दर टप्प्याला कण्हत होता. हेगडे, भागीरथक्का आणि चैत्रा धापा टाकत आले, आणि हेगडे खालून ओरडले, "बीरा, उतर रे महाराया. गुडघा घालवलास, आता मान पण घालवायचीय?"

"हेग्डेरे, मान माझी आहे," बीरा वरून म्हणाला, "घर दुसऱ्याचं आहे."

दोराचं टोक त्यानं खाली सोडलं. जन्मभर त्याच्या दोरावरून घड खाली आले होते, आज पहिल्यांदा काही वर जायचं होतं. चैत्रानं फांदी दोराला बांधली आणि बीरा ओढत गेला. कापल्या जागी खुंट उरला होता, त्याला त्यानं फांदी वेढ्यावर वेढे घालून आवळली, एक गाठ, तिच्यावर दुसरी. मग स्वतः तिच्यावर ओणवा होऊन भार टाकून बघितला. खाली भागीरथक्कांनी डोळे मिटून घेतले.

ढोली आता हाताच्या अंतरावर होती. फटीतून चोच बाहेर आली, त्याला बघून दचकून आत गेली. बीरा तिथंच थांबला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहून बोलावं तसा हळू बोलला.

"त्याच्यावर रागावू नको, बाई. तो येत होता. चूक माझी आहे."

खाली उतरल्यावर सगळे लांब, बांधाच्या मागं जाऊन बसले. दुपार कलली. भागीरथक्कांनी धणे-जिऱ्याच्या कषायाचे गरम पेले पाठवले ते तसेच गार झाले. बीरा एकदाही उठला नाही, आणि हे पाहून हेगड्यांना जास्त काळजी वाटली.

मग आभाळात सूप पाखडलं. नर साळढोलावर उतरला. मान तिरपी केली, बराच वेळ बघत राहिला. ना पान, ना साल धड, एका टोकाला जळकं लाकूड, त्यावर काथ्याचे वेढे. ओळख पटण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे. तो झेपावला, पाय पुढं काढले, आणि फांदीवर बसला. फांदी खाली वाकली. गाठी टिकल्या.

नर ढोलीकडे गेला, आणि गळ्यातून एकेक उंबर काढून फटीत देऊ लागला. आतली चोच हिसकावून घेत होती. बीरा मुलासारखा रडला, आणि रडतोय हे लपवायचंही त्याला सुचलं नाही. चैत्राच्या मांडीवर कॅमेरा होता. समोर बरोबर मध्ये जळकी फांदी आडवी होती, त्यामुळे फोटो निघण्यासारखा नव्हताच. तिनं तो उचलून बघितलाही नाही.

पिलू पावसाआधी उडालं. पुढच्या माघात मात्र त्या ढोलीत कुणी आलं नाही. जोडी दरीपलीकडे दिसते, साद ऐकू येते, पण बेहड्याच्या ढोलीचं दार उघडंच आहे.

तो फोटो परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनात लागला. पाठवण्याआधी चैत्रा मुद्दाम येऊन बीराला विचारून गेली. पाठव, तू काय केलंस त्यात, असं तो म्हणाला. मग तिच्या फोनवरचा बर्फातला कोल्हा, धुळीतले हत्ती, नखाएवढा बेडूक पुन्हा एकेक करून बघत त्यानं विचारलं, की यांच्या पुढ्यातलं काय काय तोडलं होतं? बहुतेक काही नाही, चैत्रा म्हणाली. त्या 'बहुतेक'नं बीराचं समाधान झालं नाही.

फोटोची एक मोठी प्रत तिनं हेगड्यांना पाठवली. ती ओसरीवर लावलीय, बीराच्या पान खायच्या जागेच्या बरोबर वर. येणारे पाहुणे चप्पल काढायच्या आधी तिथं थांबतात, पक्षी कसा नाचतोय बघा म्हणतात. बीरानं आपली पानाची चंची उचलली आणि पलीकडच्या खांबाला जाऊन टेकला. तिथं ऊन लागतं, तरी तिथंच बसतो.

मादेवीनं विचारलं, इतक्या वर्षांची जागा का सोडली.

"तिथं बसलं की हात शिवशिवतात," बीरा म्हणाला. "वाटतं, उठावं, त्या फोटोत चढावं आणि फांदी बांधून यावी."