नदीकाठची बाई कोणाची वाट बघत होती

आमच्या घरी सिनेमा बघून झाला की निकाल लागायचा. निकाल देणारे आबा, म्हणजे माझे वडील. बोदवडजवळच्या आमच्या गावात तेव्हा मोजून चार टीव्ही, त्यातला एक आमचा, त्यामुळे आबांच्या मताला वजन होतं. त्यांची परीक्षा सोपी होती. पडद्यावर शेतकरी आला की ते आधी त्याचे पाय बघत. "याच्या टाचेले एक भेग नाही, अन् म्हने शेतकरी!" झालं, सिनेमा नापास. आईला रडू आलं तर तिच्याकडून पास. दादाला हाणामारी लागायची. मी आठवीत होते, मला सगळेच सिनेमे आवडायचे, पण बोलायचे मात्र आबांसारखं.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. तिचं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरच्या बाजूचं, बोली अहिराणी. आमची बोली तरी कुठे पुस्तकातली होती! पहिल्याच रविवारी आबांनी तिला कौतुकानं विचारलं, "तुले कसा वाटला वं सिनेमा?"

"चांगला शे," ती म्हणाली, "पन ती माय खोटं खोटं रडस."

अगदी बरोबर बोलली होती. पण त्या 'शे'ला आणि 'रडस'ला आम्ही इतके हसलो की तिचं मत कोणी ऐकलंच नाही. मी तर आठवडाभर शाळेत तिची नक्कल करून टाळ्या मिळवल्या. इतकी आगाऊ पोर मी दुसरी पाहिली नाही. त्यानंतर वहिनी सिनेमा बघायची ती स्वयंपाकघराच्या दारात बसून. मत विचारलं की हसून चहा टाकायला उठायची.

उन्हाळ्यात आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात सासुरवाशिणीचा हक्काचा सण. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी तर कोणी चुकवत नाही. पण त्या वर्षी आई ओट्यावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे, सगळी वाळवणं व्हायची होती. वहिनीचा भाऊ न्यायला आला तेव्हा आई म्हणाली, "यंदा राहू द्या, पुढच्या साली धाडू." तो पाणी पिऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं दिवसभर पापड लाटले, मान वर न करता. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडंच.

आखाजीला चार दिवस राहिले होते. रविवारच्या दुपारी टीव्हीवर परप्रांतातले सिनेमे लागत, खाली इंग्रजी अक्षरं. भाषा कळत नाही म्हणजे तो सिनेमाच नाही, हे आमच्या घरचं पक्कं मत. आबा लगेच घोरायला लागले. दादा मळ्यात गेला होता. आई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून खाटेवर डोळे मिटून पडली होती. जाग्या आम्ही दोघीच. मी इंग्रजी शिकत होते म्हणून वाचायचा प्रयत्न केला, पण पांढऱ्या पाण्यावर पांढरी अक्षरं, निम्मं वाचेपर्यंत गायब. सिनेमात एक नदी, काठावर एक घर, घरात एक तरुण बाई आणि एक म्हातारी. बाई भात कांडते, अंगण सारवते. काठाला नाव लागली की हातातलं काम टाकून बाहेर येते, उतरणारी माणसं बघते आणि परत आत जाते. एकदा म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून ती बराच वेळ पडून राहिली. मला तर जांभया यायला लागल्या.

संध्याकाळी चहाच्या वेळी दादा आला आणि आबांनी मला विचारलं, "काय व्हतं वं त्या सिनेमात?"

"काही नाही. नुसती नदी."

"नही आबा," दारातून आवाज आला. "सिनेमा मोठा शे."

वहिनी बोलत होती. पदर सावरत, खाली बघत, पण थांबली नाही. "ती बाई वाट देखी ऱ्हायनी शे. नदीना पलीकडे तिन्हं माहेर शे." मग तिनं सगळा सिनेमा सांगितला. कांडताना त्या बाईचा हात मधेच कसा थांबतो ते हातानं दाखवलं. नाव रिकामी झाल्यावरही ती दोन पावलं पुढे जाते आणि मग वळते, हे तिनं सांगितलं तेव्हा मला आठवलं की अरे, खरंच, दोन पावलं! तोच सिनेमा मी बघितला होता आणि मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. आबांच्या बशीतला चहा गार झाला. तिच्या बोलण्यात कितीदा तरी 'शे' आला असेल, हसू मात्र कोणालाच आलं नाही. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते.

शेवटी ती म्हणाली, "सासू वाईट नही. पन तिन्हा ध्यानमाच नही, पोरगी कसानी वाट देखस."

आबांनी निकाल दिला नाही. ते आईकडे बघत राहिले. आई खाटेवर उठून बसली होती. ती दादाला म्हणाली, "उद्या सकायच्या यष्टीनं पोचवून ये हिले. पापड काय पयून चालले?"

वहिनी माहेरी गेली आणि बिबडे माझ्या गळ्यात पडले. आईनं डाव्या हातानं दाखवायचं, मी करायचं.

पुढे मी लग्न होऊन जळगावला आले. तिथल्या मेहरूण भागातल्या आमच्या घरी एका दुपारी टीव्ही लावला, तर तीच नदी! आता टीव्ही मोठा होता, अक्षरं ठळक होती आणि माझं इंग्रजीही बरं झालं होतं. वाचत गेले आणि थक्क झाले. त्या बाईचा नवरा नदीपलीकडे कामाला गेला होता, ती त्याची वाट बघत होती. आणि ती म्हातारी तिची सासू नव्हतीच, सख्खी आई होती. ती बाई पहिल्यापासून माहेरीच होती!

त्या दिवाळीला गावी गेले तेव्हा वहिनी अंगणात आईच्या डोक्याला तेल लावत बसली होती. आई आता थकली होती, वहिनीच्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटून पडली होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. "वहिनी, तेव्हा तू चुकलीस गं."

वहिनी हसली. "चुकनू नही. माले तवयच समजनं व्हतं. सासूना मांडीवर कोनी असं डोकं ठेवस का?"

इतके महिने गप्प बसलेल्या त्या नव्या नवरीनं, आम्हा सगळ्यांसमोर, न कळणाऱ्या भाषेतला सिनेमा बरोबर ओळखून मुद्दाम चुकीचा सांगितला होता! मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात आई डोळे न उघडता म्हणाली, "त्या दुपारी मीबी जागीच व्हती. मलेबी दिसली ती मांडी. तू तेल लाव वं, थांबू नको."