वाणातली पुडी

मी आज जो काही आहे तो आत्यामुळे, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीमुळे. सुलतानपूरला आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. आत्या मला देऊळगाव राजाला आपल्या घरी घेऊन गेली. आठवडी बाजारात भाजी विकून तिनं मला शिकवलं. मी पदवीधर झालो त्या दिवशी तिनं शेजारी दुकान लावणाऱ्या सगळ्या बायांना कोथिंबिरीच्या जुड्या वाटल्या.

"पेढा इथंच तोंडात इरते," ती म्हणाली. "जुडी घरी जाते बाबू. घरचे इचारतात, कोनं देल्ली, काऊन देल्ली."

हे वाक्य पुढं माझ्या नोकरीत फार उपयोगी पडलं.

आत्याला एकच व्यसन होतं, मिश्रीचं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू ती कुटून डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बराच वेळ हिरड्यांवर घासायची. मला शाळेसाठी उठवायला ती गालावर हात फिरवायची, त्या हाताला तोच वास असायचा. मी कॉलेजात असताना तिच्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा डाग दिसू लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मिश्री सोडा, डाग वाढला तर लगेच या. आत्यानं मान हलवली आणि घरी येऊन डबी उघडली.

समाजकार्याची पदवी घेतल्यावर मला बुलडाण्याच्या एका संस्थेत काम मिळालं. बायांची मिश्री सोडवायची हेच काम. संस्थेचे प्रमुख, आमचे सर, मला फार मोठे वाटत. ते म्हणत, भाषणानं सवय सुटत नाही. साबण विकणारा माणूस कुणाला रागावत नाही, आपणही रागवायचं नाही. जुन्या सवयीच्या जागी नवी वस्तू द्यायची, ती त्यांच्या सणात न्यायची, आणि ज्या माणसावर लोकांचा विश्वास आहे त्याच्या हातून द्यायची. मी हे वहीत नाही लिहिलं, पाठच केलं.

संक्रांतीच्या वाणाची कल्पना माझी. हळदीकुंकवाला बाया प्लास्टिकचा डबा नाहीतर गाळणी वाटतात. त्याऐवजी दंतमंजनाची पुडी वाटायची. ती आत्याच्या जुडीसारखी घरी जाईल, घरचे विचारतील. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एका पुरवठादाराकडून लाल मंजन आलं. वर छापलं होतं, 'तंबाखूमुक्त'. विश्वासाचं माणूस म्हणून मी आत्याचं नाव सुचवलं. बाजारातल्या सगळ्या बाया तिचं ऐकत.

आत्यानं माझ्यासाठी डबी बंद केली. हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर तिनं ती सुनेच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, हातात दिली आणि म्हणाली, "जाय, फेकून ये उकिरड्यावर. माह्या पोराची नोकरी हाय ही." बाया खूप हसल्या. आलेल्या प्रत्येकीच्या ओटीत पुडी गेली. मिश्री लावणाऱ्यांच्या गेली, आणि वहिनीसारख्या ज्यांनी ती कधी हातात धरली नव्हती त्यांच्याही.

महिन्याभरानं आत्याचा फोन आला. "लय बेस पावडर हाय बाबू. मिश्रीची यादच येत नाही."

मी आनंदानं हे सरांना सांगितलं. 'मिश्रीची यादच येत नाही' हेच आमचं घोषवाक्य झालं. देऊळगाव राजापासून सुलतानपूरपर्यंत एसटीच्या वाटेवरच्या भिंतींवर ते पिवळ्या अक्षरांत रंगवलं गेलं. आत्याला वाचता येत नाही, पण आपलं बोलणं भिंतीवर आहे हे ती गिऱ्हाइकांना सांगायची. पुड्यांची मागणी वाढत गेली. इतक्या सहज सवय सुटते याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

मग एका दिवशी सुलतानपूरजवळच्या गावात मी बचत गटाच्या बायांपुढं बोलत होतो. एक जण म्हणाली, "भाऊ, आमाले सांगून राह्यले, तुमी सोता लावता का?"

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी पुडी फोडली.

"अशी नाही, बराच येळ घासा. आमी घासतो तशी."

मी बोलत बोलत घासत राहिलो. थोड्या वेळानं कानशिलं गरम झाली, कपाळावर घाम आला, उचकी लागली. समोरची भिंत हलू लागली तेव्हा मी खाली बसलो. आयुष्यात मी तंबाखूला हात लावलेला नाही.

"अवं, भाऊले लागली वं," एक म्हातारी म्हणाली आणि मला पाणी आणायला उठली. "पहिल्या बारीले मले बी अशीच लागली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या टेबलावर पुडी ठेवली. ते चहा पीत होते. त्यांनी पुडीकडं पाहिलं आणि मला बसायला सांगितलं.

"थोडीशी असते त्यात," ते म्हणाले. "पुरवठादारानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. सवय एकदम तुटत नाही, पायरी-पायरीनं उतरवावी लागते."

ज्या कधी चढल्याच नव्हत्या त्यांचं काय, हे मला तिथून बाहेर पडल्यावर सुचलं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "सर, माझ्या आत्यानं वाटली ती."

"म्हणून तर चाललं," सर म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझं कौतुक करताना जसं बोलत तसंच ते बोलले. मला ज्यांनी विश्वासाचं माणूस शोधायला शिकवलं होतं, त्यांना ते माणूस कशासाठी हवं होतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, मी बायांना सांगणार. ते म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

दुपारी उशिरा मी आत्याला फोन लावला. पण माझ्याआधी संस्थेचा माणूस तिच्या दुकानावर जाऊन आला होता.

"तुले कामावरून काढलं म्हने. रागात काईबाई सांगशीन म्हने," आत्या म्हणाली. "बाबू, सरांचे पाय धर. तूच म्हनत होता ना, देवमानूस हाय."

"आत्या, त्या पुडीत तंबाखू आहे."

"तुह्याच शब्दावर म्या डबी फेकली. आता तूच म्हनतं, हे बी फेक? आधी जेवला का ते सांग."

फोनवर ती मला पुढं बोलू देईना. म्हणून त्या संध्याकाळी मी तिला हे पत्र पाठवलं.

आत्या,

हे वहिनीकडून वाचून घे. वहिनी, मधलं काही गाळू नका. त्यात तुमचंही आहे.

सरांना मी देवमाणूस म्हणालो होतो. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आज मी सांगतो त्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही, कारण पुडीवरही तू माझ्यामुळेच विश्वास ठेवलास. म्हणून माझं ऐकू नकोस. तू स्वतःच पाहा.

एक दिवस पुडी उघडू नकोस. बाजार नसेल असा दिवस धर. डोकं दुखलं, हातात काही टिकेना, घरात सगळ्यांवर चिडचिड झाली, तर जुन्या डबीच्या वेळी एखादा दिवस मिश्री नसली की तुला काय व्हायचं ते आठव. साध्या मंजनाला असं होत नाही.

वहिनी, तुम्ही मिश्री कधीच लावली नव्हती. परवा तुम्ही मला फोन करून पुड्या संपल्या, लवकर पाठवा म्हणालात. दात घासायला तुम्हाला एवढी घाई का झाली होती, ते आत्याला सांगा. तिला माझ्यापेक्षा तुमचं पटेल.

आत्या, ज्यांना तू वाण दिलंस त्यांना तुझ्या तोंडून सांगावं लागेल. हे ओझं मी तुझ्यावर टाकलं आणि आता मला ते एकट्यानं उचलता येत नाही. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. आधी आपण दवाखान्यात जाऊन तुझा गाल दाखवू. मग तू म्हणशील त्या घरी मी तुझ्यासोबत येईन आणि दारात तुझ्या शेजारी उभा राहीन.

जेवलो मी.