पुढचं पान न बघणारी

घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. वय एकसष्ट, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, तरी धाकटीच. कारण वर ताई आहे, आणि ताई आहे तोवर बढतीची आशा नाही.

धाकटीचं काम भाषांतराचं. परक्या भाषेतल्या कादंबऱ्या उचलायच्या आणि आपल्या भाषेत आणून ठेवायच्या. बावीस पुस्तकं झाली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव हे एवढं ठसठशीत, आणि हिचं शोधायला चष्मा लागतो. पण तिचं त्यावाचून काही अडत नाही. खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, पाठीचे टाके निघालेले तीन शब्दकोश, आणि खुर्चीवर दोन उशा, एक पाठीला आणि एक बसायला. सकाळी नऊ ते एक तिला हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी आधी वाक्य पूर्ण होणार.

आता तिची खोड ऐका. ही बाई पुस्तक आधी वाचत नाही! बाकीचे भाषांतरकार दोनदा वाचतात, खुणा करतात, मग हात घालतात. ही पहिलं पान उघडते आणि सुटते. पुढच्या पानावर कोण मरतं, कोण पळून जातं, हिला पत्ता नसतो. प्रकाशनाच्या संपादकबाईंनी एकदा कपाळावर हात मारून घेतला. तर ही म्हणाली, "शेवट माहीत असला ना, की माझी वाक्यं शहाणी होतात. मग वाचणाऱ्याला मजा काय?" खोडीची फुशारकीच म्हणायची ही.

दर मंगळवारी दुपारी ताई यायची. दोन गल्ल्या सोडून राहते. धाकटीने आठवडाभरात केलेली पानं ती मोठ्याने वाचायची आणि धाकटी डोळे मिटून ऐकायची. ताईची जीभ जिथे अडखळली तिथे लाल पेन्सिल. ताईला परकी भाषा ओ की ठो येत नाही, म्हणूनच तिचा कान खरा. आणि मतं? मतं विचारू नका.

यंदाची कादंबरी धाकटीच्या नेहमीच्या लेखकाची होती. ताई त्याला 'तुझा दाढीवाला' म्हणायची. गोष्ट घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोन भावांची. थोरला बापाशी भांडून घर सोडतो, धाकटा बापाजवळ राहतो.

"हा थोरला मला मुळीच आवडत नाही," ताई आठव्या प्रकरणात म्हणाली. "नुसता तोरा. याला दोन ठेवून द्यायला हव्यात."

"लेखकाला कळवू का?"

"कळव. आणि धाकट्याला जरा बोलायला शिकव म्हणावं. मुखदुर्बळ कुठला."

अठरा प्रकरणं अशी हसतखेळत झाली. मग एका बुधवारी, साडेदहाच्या सुमाराला, धाकटीने एकोणिसावं उघडलं.

बापाची दृष्टी गेलेली. थोरल्याचं पत्र आलेलं, कोरडं ठक्क. धाकटा ते बापाला वाचून दाखवतो, आणि त्यात नसलेली माफी स्वतःच्या पदरची घालतो. बाप काहीच बोलत नाही. तर हा बसून बापाच्या नावाने उत्तर लिहितो, 'बाबा सांगतात, मी लिहितो,' आणि खाली क्षमा, आशीर्वाद, सगळं भरतो.

धाकटीची बोटं कळफलकावर तशीच राहिली. कारण हे तिने केलं होतं. असंच. ताईने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, बाबांनी तिचं नाव टाकलं, मग बाबांचे डोळे गेले, आणि धाकटीने चौदा पत्रं बाबांच्या नावाने लिहिली. चार वर्षांत, बाबा जाईपर्यंत; ताई तेव्हा लांब परगावी होती. बाबांनी क्षमा केली या समजावर ताईने पुढचं सगळं आयुष्य काढलं. ती पत्रं ताईने अजून जपून ठेवलीत.

हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी, आधीच्या एका पुस्तकातल्या शंका विचारताना, आंधळ्या म्हाताऱ्याच्या एका प्रसंगावरून ती वाहवत गेली आणि लेखकाला तीन पानं लिहून बसली. त्याचं उत्तर आलं होतं, 'आभारी आहे, फार उपयोग होईल.' हिला वाटलं, तेवढ्या प्रसंगापुरता!

तिने लेखकाला फोन लावला. परक्या भाषेत, पण राग आपल्याच भाषेतला.

"ते माझं होतं!"

"हो, तुमचंच," लेखक गोंधळून म्हणाला. "पुस्तक तुम्हाला पाठवून वर्ष झालं. तुम्ही काम स्वीकारलंत. मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि तुमची हरकत नाही."

काय सांगणार? की मी वाचतच नाही?

ते पलीकडे त्याच्या ध्यानात आलं. मग म्हणाला, "वाचलं नव्हतंत तुम्ही? अरे देवा. मग ते प्रकरण तुमच्या भाषेतून गाळून टाका. मी लिहून देतो. कुणाला कळणार नाही."

खरंच कळलं नसतं. मूळ पुस्तक वाचू शकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. ताईपर्यंत हे पोचलं तर धाकटीच्याच हातून पोचणार, नाहीतर कधीच नाही. आणि ताईचं वय पासष्ट. या वयात तिच्याकडून बाप काढून घ्यायचा?

ती पाच दिवस खुर्चीत नुसती बसून होती. स्वयंपाकघरात जायची आणि कशाला आले ते विसरायची. एकोणिसावं गाळून विसावं करून बघितलं. चार ओळींत हात थांबला. एकदा बाबांच्या तोंडी आपले शब्द घातले, तेव्हा ती पंचविशीची होती. आता तीच लबाडी लेखकाच्या पुस्तकात करायची, आणि वर रोज सकाळी नऊला त्याच टेबलाशी बसायचं, हे तिला जमेना. सोमवारी तिने प्रकरण उतरवलं. सगळं.

मंगळवारी ताई आली, चहा घेतला, चष्मा पुसला आणि सुरू झाली. दुसऱ्या पानावर तिचा आवाज मंदावला. तिसऱ्यावर 'बाबा सांगतात, मी लिहितो' आलं, आणि ती थांबली. अडखळली नाही, थांबली. लाल पेन्सिल धाकटीच्या हातात तशीच.

"दाढीवाल्याला हे कुणी सांगितलं?"

"मी."

ताईने कागद मांडीवर ठेवले. चेहरा असा, की कुणी थोबाडीत मारावी आणि मारणारा दिसू नये.

"माझं पत्र आलं की बाबा काय म्हणायचे?"

"ताई, जाऊ दे ना..."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, ठेव तिकडे."

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चार वेळा झाला. पाचव्यांदा सुरू झाली आणि गेली.

"चौदा पत्रं," ताई म्हणाली. "चौदा गं! मी यांना वाचून दाखवली, सासूबाईंना दाखवली. मुलांना तर पाठ झाली होती. त्यातलं एक वाक्यसुद्धा बाबांचं नाही?"

"एक आहे."

ताईने मान वर केली.

"आठव्या पत्रात. तुला सातवा महिना होता. मी लिहीत बसले होते, आणि ते पलंगावरून, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'जिना उतरताना कठड्याला धरत जा म्हणावं.' तेवढंच. मी जसंच्या तसं घातलं."

ताई बघतच राहिली. मग आवाज फुटला तो ओळखू न येण्यासारखा.

"ते? अगं, मुलांना वाचून दाखवताना तेवढं वाक्य मी सोडून द्यायचे. काही विशेष नव्हतं त्यात."