आठ इंजिनं आणि एकच नाव

रोज सकाळी दहा वाजता स्तोयनाबाई गावच्या वाचनालयात यायची, कोटसुद्धा न काढता संगणकापुढे बसायची आणि मुलाचं नाव टाकायची: यावोर गेर्गोव. नावापुढे न चुकता एक शब्द: निधन.

वाचनालयातल्या देसीने तिला एक सोय करून दिली होती. नाव एकदा टाकलं की आठ सर्च इंजिनं एकदम कामाला लागायची. "एकाला डुलकी लागली तरी सात जागी असतात, आजी," असं देसी म्हणायची. आठही रिकाम्या हाती परत आली की म्हातारीचा जीव भांड्यात पडायचा. पोरगा आहे अजून. मग ती घरी जाऊन सूप चढवायची.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या देशात माणूस गेलं की फोटोसकट पत्रक लागतं, दारावर, बसथांब्यावर, खांबांवर; चाळिसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा. हल्ली ती इंटरनेटवरही लागतात. स्तोयनाबाईने तीस वर्षं छापखान्यात याच पत्रकांचे खिळे जुळवले. हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा शेवटी पत्रकातच लागतो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

अकरा वर्षांपूर्वी, बाप जाऊन दोन महिने होत नाहीत तोच, यावोर स्पेनला निघाला. "उंबरा ओलांडलास तर पुन्हा मला आई म्हणू नकोस," ती म्हणाली. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. तो मात्र गेला, आणि त्याचा फोन कधी आला नाही.

मार्चमधल्या एका सकाळी आठही इंजिनांनी एकच पान आणून पुढे ठेवलं.

"देसी, तू वाच गं. माझ्याने नाही होत."

देसीने धावत येऊन वाचलं. "आजी! गेलीय ती कुणी लिल्याना नावाची बाई. प्लेव्हेनची. यावोर खाली आहे, शोक करणाऱ्यांत!"

'आमच्या लाडक्या आईस,' असं वर होतं. खाली: मुलगी रुमेना, जावई यावोर गेर्गोव, नात स्तोयना.

आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. शंकेला जागाच नव्हती. म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली, हसली, आणि हसता हसता रडायला लागली. प्लेव्हेन! स्पेन नव्हे, बसने दोन तास.

देसीने 'निधन' काढून नुसतं नाव टाकलं. आठही इंजिनांनी भराभर पानं आणली: टायरचं दुकान, दुकानाच्या दारात पोट सुटलेला यावोर, शाळेच्या नाचात लाल फीत लावलेली सहा वर्षांची स्तोयना.

"हे सगळं इथेच होतं?"

"इथेच होतं, आजी."

"आणि मी मेली त्याला रोज मेलेल्यांत शोधत बसले."

देसीने डोळे पुसले. "दुकानाचा नंबर आहे. लावू?"

"नको. आई म्हणू नकोस, असं मीच म्हटलं होतं. ऐकलं बिचाऱ्याने." तिने पत्रकाचं पान पुन्हा पुढे आणायला लावलं आणि 'लाडक्या आईस' या शब्दांवर बोट टेकवलं. "आता कुठे त्याची आई गेलीय. अशा घरात फोन करून काय सांगू, मी अजून आहे म्हणून?"

पत्रकावरून तिने दिवस मोजले. चाळिसाव्या दिवशी पहाटे, गेलेल्याच्या नावाने वाटतात तसे गहू शिजवले, त्यात साखर आणि अक्रोड घातले, वाट्या भरल्या आणि गल्लीत घरोघर वाटत सुटली. शेजारच्या मिताने वाटी घेतली, रिवाजाप्रमाणे 'देव क्षमा करो' म्हणाली आणि थबकली.

"अगं, पण गेलं कोण? तुझ्या दारावर पत्रक तर दिसत नाही."

"माझ्या यावोरची आई गेली," स्तोयनाबाई म्हणाली, आणि दुसरी वाटी घेऊन पुढच्या दाराकडे वळली.