गोवऱ्यांवरचा बर्गर

आमच्या घरी बर्गर शेणाच्या गोवऱ्यांवर भाजतात. म्हणजे एकदाच भाजला, पण आर्णीत आता तीच आमची ओळख आहे. (माझं कृषी केंद्र आहे. अर्ध्या तालुक्याला मी बियाणं विकतो. तरी लोक पत्ता सांगताना ‘त्या बर्गरवाल्याच्या बाजूला’ असंच सांगतात!)

सुरुवात माझ्या तोंडामुळे झाली. आमच्या घरच्या बहुतेक भानगडींची तशीच होते. जानेवारीत माझ्या मुलीचा, पिहूचा पंधरावा वाढदिवस होता आणि तिला तीन मैत्रिणींना घेऊन यवतमाळला बर्गर खायला जायचं होतं. तिनं जेवताना विषय काढला, आणि मी हातात भाकरीचा तुकडा धरूनच भाषण सुरू केलं.

“कायले जाता यवतमाळले? मैद्याचा गोळा तो! कवाचा शिळा असते, कोन जाने. बर्गर खावा तं घरचा!”

“घरचा कोन करन?” माझी बायको सुनीता म्हणाली. “मी नाई करत. आताच सांगून ठेवते.”

“मी करतो!”

“बाबा, तुमाले चहा तरी करता येते काय?” पिहूनं विचारलं.

“चहा वेगळा अन् बर्गर वेगळा.” (हे वाक्य मला आजही पटतं.)

पिहूनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “ठीक हाये. या वाढदिवसाले तुमचा बर्गर. निकाल आजोबा देतीन. तुमी जिंकले तं दरवर्षी घरी. हरले तं दरवर्षी यवतमाळ. पन बाबा, माया मैत्रिणीईसमोर मायी फजिती करू नका, बस एवढंच.”

“फजिती? तुया मैत्रिणी बोटं चाटत जातीन!”

आजोबा म्हणजे माझे सासरे. केळापूरकडे त्यांची शेती आहे. मी त्यांना मामाजी म्हणतो. त्यांनी जन्मात बर्गर खाल्लेला नव्हता, पण चवीच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. कारण त्यांच्या भागात कुठेही नवसाचे रोडगे असले की भाजायला मामाजींनाच बोलावणं जातं. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेला. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. नवस पावला की शेतात नाहीतर अंगणात आर, म्हणजे गोवऱ्यांचा जाळ, पेटवायचा आणि गणगोताला जेवू घालायचं.

वाढदिवसाच्या सकाळी मामाजी आले. मी टिक्कीसाठी बटाटे आणि तुरीचे दाणे उकडत होतो. सुनीतानं विचारलं, “बन आनले काय?”

“बेकरीतले बन? मंग तो घरचा बर्गर कसा होईन?” मी छाती पुढे काढून म्हणालो. “बनपण घरीच!”

“कायच्यात भाजसान? आपल्याकडं ओव्हन हाये काय?”

तेवढ्यात मामाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “जवाईबापू, हा बन म्हंजे काय असते?”

मी हातानं आकार करून दाखवला. गोल, फुगलेला, वरून तपकिरी.

“आँ? हा तं रोडगा हाये!” मामाजी म्हणाले. “गोवऱ्या कुठं हायेत?”

त्या क्षणी मला ही कल्पना इतकी भारी वाटली की शहरातल्या लोकांना ती आजवर सुचली नाही, म्हणून मला त्यांची कीव आली.

एकच अडचण होती. मामाजींचा हात गावजेवणाचा. त्यांना चार पोरींपुरते रोडगे करताच येत नाहीत. “थोडकेसे करा” म्हटल्यावर त्यांनी पितळी परात भरून कणीक मळली, आमच्या अंगणात गोवऱ्यांचा हा एवढा आर रचला आणि पेटवून दिला. सुनीता नको नको म्हणत होती, पण तिलाही त्यांनी कामाला लावलं. “पोरी, वरन टाक. वांग्याची भाजी टाक. रोडगे काय कोरडे खातीन?”

“मामाजी, हा बर्गर हाये. याच्यासंग वरन नसते.”

“म्हनूनच लोकाईच्या घशाखाली उतरत नसन!”

धूर वर गेला. आमच्याकडे अंगणातून गोवऱ्यांचा असा धूर निघाला की त्याला वेगळी पत्रिका लागत नाही. पहिल्यांदा आल्या शेजारच्या शेवंताकाकू. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. त्यांच्या मागे त्यांचं घर. त्यांच्या मागे गल्ली.

“काहून जी भाऊ, नवस फेडला अन् आमाले सांगतलं नाई?” काकू रागावून म्हणाल्या. “धूर दिसला म्हनून आलो, नाईतं राह्यलोच असतो!”

आता हातात ताट घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘हा बर्गर आहे, घरी जा’ असं कसं सांगणार? माझ्या तोंडानं पुन्हा घात केला.

“अचानकच ठरलं काकू. पिहूच्या दहावीचा नवस.”

“दहावीचा? परीक्षा तं व्हाचीच हाये!”

“आगाऊ फेडला,” मी म्हणालो. “बुकिंग केलं तं बियानं वेळेवर भेटते ना, तसं.”

काकूंनी आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे बघून हात जोडले. पिहू मागेच उभी होती. “बाबा,” ती दात आवळून म्हणाली, “आता मी नापास झाली तं देव पैसे वापस करन काय?”

एवढ्यात तिच्या मैत्रिणी आल्या. चांगले कपडे घालून, केस मोकळे सोडून, हातात भेटवस्तू. त्यांना वाटलं होतं, फुगे असतील. अंगणात अख्खी गल्ली मांडी घालून पंगतीला बसली होती आणि मी डोळे पुसत राखेतून बर्गर उकरत होतो.

तरीही मी हार मानली नाही. चार रोडगे निवडले, फडक्यानं राख झटकली, सुरीनं मधोमध कापले. (सुरी वाकली.) आत टिक्की ठेवली. टिक्की कढईत विरघळायला लागल्यामुळे मी तिच्यात इतकं बेसन घातलं होतं की तिचं भजं झालं होतं. सॉस म्हणून मिरचीचा ठेचा. कांद्याची चकती. पहिला बर्गर मी ताटात ठेवून, जवळपास वाकूनच, मामाजींच्या पुढे मांडला. पिहूची मैत्रीण रिया त्यांच्या समोरच बसली होती, पांढराशुभ्र टॉप घालून.

इथे एक गोष्ट मी विसरलो. रोडगा कुणी चावत नाही. तो ताटात ठेवून वरून बुक्की मारायची, फोडायचा आणि मग त्यावर तूप घ्यायचं. मामाजींनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी बाही वर सारली, बर्गरकडे एकदा बघितलं आणि दाणकन बुक्की हाणली.

टिक्की सुटली. ठेच्यासकट सुटली आणि थेट रियाच्या पांढऱ्या टॉपवर जाऊन बसली.

पंगत गार. पिहूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ती घरात पळाली. मला खरंच वाईट वाटलं. पोरीनं मागून मागून काय मागितलं होतं? फजिती करू नका, एवढंच. आणि मी तर गल्लीला आवतण देऊन फजिती केली होती!

मी तिच्या मागे गेलो. “पिहू, चाल, कपडे बदल. सगळ्याईले आत्ताच यवतमाळले नेतो. मी हरलो.”

ती उशीत तोंड खुपसून पडली होती. तेवढ्यात अंगणातून आवाज आला. दण्ण! पाठोपाठ पोरींचं खिदळणं. पुन्हा दण्ण! पिहूनं डोकं वर काढलं. आम्ही दोघं खिडकीशी गेलो. टॉप पुसून रिया बाह्या वर करून बसली होती आणि मामाजी तिला बुक्की कशी मारायची ते शिकवत होते.

“अंगठा बाहीर ठेव, बाई. हां! आता हान!”

“पिहू, ये ना!” रिया ओरडली. “लय मजा येऊन राह्यली!”

पिहूनं नाक पुसलं, माझ्याकडे न बघता बाहेर गेली आणि पहिल्याच बुक्कीत रोडग्याचा भुगा केला. (त्या बुक्कीत माझ्याबद्दलचंही बरंच काही होतं.) मग पोरींनी तूप, वरण, वांग्याची भाजी घेऊन रोडगे असे हाणले की सुनीताला दुसरं पातेलं चढवावं लागलं. माझ्या टिक्क्या मात्र प्रत्येकीच्या ताटात कडेला तशाच उरल्या.

“मंग आजोबा, निकाल?” पिहूनं विचारलं.

मामाजींनी मिशीवरचं तूप पुसलं. “एकाच बाजूचं आयकून निकाल देत नसतात, पोरी. दुसराबी खाऊन पाहू. तवरोक मी काई जात नाई.”

म्हणून पुढच्या रविवारी मी, सुनीता, पिहू आणि तिच्या मैत्रिणी एसटीनं यवतमाळला गेलो. मामाजी म्हणाले, “मले घरीच आना.” बर्गर आला. मऊ, गरम, बुक्की न मारता दातांखाली जाणारा. सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“कसा हाये, बाबा?”

“ठीक हाये,” मी म्हणालो. तेव्हा माझा संपला होता.

मामाजींसाठी एक पार्सल घेतलं आणि मी ते जबाबदारीनं स्वतःजवळ ठेवलं. परतीच्या गाडीत मला मागच्या शिटवर जागा मिळाली. पार्सल मांडीवर होतं. खालून ओलं तर झालं नाही ना, एवढंच बघायला मी कागद जरासा उघडला.

घरी पोचलो तेव्हा मामाजी हात धुऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी पार्सल हातात घेतलं, उघडलं, उलटं केलं. टमाट्याची एक चकती खाली पडली.

“जवाईबापू,” मामाजी शांतपणे म्हणाले, “हा तं नुसता कागद हाये.”

मामाजींनी माझ्या शर्टाकडे बघितलं. शर्टावर सॉस होता.

“लागला निकाल,” ते म्हणाले. “यवतमाळ!”

पिहू दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. (देवानं बुकिंग पाळलं, असं शेवंताकाकू गल्लीभर सांगतात.) आता तिचा सोळावा वाढदिवस आलाय आणि सगळे यवतमाळला चाललेत. यंदा मामाजीही येणार आहेत. घरी बसून पार्सलची वाट बघायची त्यांची तयारी नाही म्हणे. मलाही बोलावणं आहे, पण येताना शेवंताकाकूंसाठी एक पार्सल आणायचंय, म्हणून अट घातलीय: मी पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या शिटवर बसायचं आणि पार्सल सुनीताजवळ राहील.