काकांचा पाचवा गडी

सांगलीत सर्वांत ऐटीत हरणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या मावशीच्या यजमानांचं नाव घेईन. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास काका एका बास्केटबॉल संघाचे सर्वेसर्वा होते. त्यांची स्वतःची उंची जेमतेम पाच फूट. संघ साताऱ्याकडून हरला, कराडकडून हरला, लोणंदसारख्या लहान गावाकडूनही हरला आणि दर पराभवानंतर काकांनी पेढे वाटले. "जिंकलेल्यांचं तोंड गोडच असतं. पेढ्याची गरज आपल्याला," असं ते गंभीरपणे म्हणत. चार गडी आपल्याकडे चांगले आहेत, फक्त पाचवा नामांकित हवा, हे त्यांचं ठाम मत होतं. "एवढी मोठी सांगली! मोठा खेळाडू इथं नाही येणार तर जाईल कुठं?" मोठे खेळाडू पुण्या-मुंबईला जात होते, नोकरी देणाऱ्या कारखान्यांच्या संघांत. मी तेव्हा युवक संघटनेची पत्रकं वाटत असे. खेळाडूंचा बाजार मांडणं हा माणसाचा अपमान आहे, असं मी त्यांना सुनवायचो. "बाजार कुठला? मी मागणी घालतो," असं ते म्हणायचे.

उंच माणूस दिसला की काकांचा पाय निघत नसे. एसटी स्टँडवर त्यांनी एका कंडक्टरला हात वर करायला लावून त्याची पोहोच छत्रीने मोजली होती. एका लांबलचक इसमाच्या मागे ते सायकलने थेट कुपवाडपर्यंत गेले. तो निघाला फिटर. त्याने जन्मात चेंडू धरलेला नव्हता. काकांनी तरीही त्याला घरी आणून भडंग खिलवलं.

त्या वर्षी मात्र काकांची झोप उडाली. मैदानाची जागा एका हळदीच्या व्यापाऱ्याची होती. "यंदाही हरलात, तर मी गोदाम बांधणार," असं त्याने तोंडावर सांगितलं. त्याच सुमारास, पलटणीच्या संघातून खेळलेला एक हवालदार निवृत्त होऊन उंब्रजला आल्याची बातमी लागली. तो कुठल्याच संघात नव्हता. काकांनी ताबडतोब कार्ड टाकलं, 'रविवारी भेटीस येत आहोत.' शुभकार्य म्हणून कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. खेळाडू त्याच्या आईकडे मागावा, असा त्यांचा नेम होता; म्हणून बरोबर खणनारळ घेतला आणि वजन पडावं म्हणून दोन फेटेवाले म्हातारे. मीही गेलो.

उंब्रजला घर सारवलेलं, सतरंजी अंथरलेली. आम्ही टेकतोय तोच हवालदाराची धाकटी बहीण नवी साडी नेसून, डोईवर पदर घेऊन पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि समोर पाटावर बसली. मुली दाखवण्याविरुद्धचं पत्रक मी महिन्यापूर्वीच लिहिलं होतं. त्या क्षणी माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. उठून तिच्या म्हाताऱ्या आईपुढे हात जोडले. "आक्का, चूक माझी. मी तुमच्या मुलाला मागायला आलो होतो. आमच्या संघात खेळायला."

"आवं, सगळ्या आळीत सांगून झालंय की मी!" म्हातारी कळवळली. "आता लोकास्नी काय सांगू?"

हवालदार शांत होता. "सांगलीला समदं हाय, काका. हितल्या पोरास्नी खेळ शिकवाया फकस्त मी हाय. मी न्हाई यायचा."

परतीच्या एसटीत कराड मागे पडल्यावर काका म्हणाले, "त्या पोरीला मान खाली घालून बसावं लागलं रे." गड्याचा विषय त्यांनी काढलाच नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या संघातल्या एका सालस, नोकरदार गड्याचं स्थळ सुचवलं. मुलीने निरोप पाठवला, "ह्या बारीला मी बघाया येनार." ती आईबरोबर आली, मैदानाकडेच्या बाकावर बसून तिने अख्खा सामना पाहिला. गड्याने सहा चेंडू मारले, सहाही चुकवले. "नेम न्हाई," ती म्हणाली, "पर चुकल्यावर हसतोय. चालंल." माझं पत्रक कुणी वाचलं असेल की नाही, ठाऊक नाही; तिने तरी नक्कीच वाचलेलं नव्हतं.

लग्न झालं. संघ हरला. काकांनी पेढे वाटले, फक्त या वेळी स्वतः खाल्ला नाही. गोदाम उभं राहिलं. व्यापाऱ्याच्या हातापाया पडून काकांनी एक रिंग तेवढी गोदामाच्या भिंतीवर ठोकून घेतली.

हवालदार दर भाऊबिजेला बहिणीकडे येतो. ओवाळून झालं की संध्याकाळी गोदामामागे चार-दोन चेंडू टाकतो. काका खुर्ची घेऊन आधीच बसलेले असतात. आता त्यांना नीट दिसत नाही. चेंडू रिंगमधून गेला की नाही, ते मला विचारतात. रिंगमागच्या फळीवर बसलेली हळदीची धूळ प्रत्येक फटक्याला हलते आणि थोडी त्यांच्या टोपीवर पडते. गेल्या भाऊबिजेला ती न झटकता ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "बघ, आला की नाही सांगलीला?"